शब्द वाचायचा नाही, अक्षर बघायचं

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. पेन्सिलीच्या भुशासारखे ते टेबलाखाली साचत राहतात आणि एखाद्या दिवशी झाडू फिरवावा तर ओंजळभर निघतात. माझ्याकडचे बहुतेक किस्से अक्षरांचे आहेत. ऐकणाऱ्याला वाटतं, अक्षरांचे कसले किस्से? मलाही आधी तसंच वाटायचं.

झाशीच्या रेल्वे ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. साहेबांनी काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचे, हे माझं काम. लग्न होऊन भुसावळहून आले तेव्हा वाफेची इंजिनं जोरात होती. ऑफिसात मराठी बोलायला एकच माणूस, हेड ड्राफ्ट्समन कारखानीस काका. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ओरछा गेटजवळचं. काका घरच्या स्वयंपाकघराला अजून मुदपाकखाना म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात, "चलो भैया, चाय पिलाओ."

तिसरा हरप्रसाद पेंटर. स्टेशनांच्या नावांचे बोर्ड तो रंगवायचा. विलक्षण हात, आणि तितकाच विलक्षण गर्व! पण नजर अधू होत चालली होती आणि त्या वर्षी त्याची डोळ्यांची तपासणी यायची होती. नापास झाला तर हातातला ब्रश जाणार आणि गोदामाच्या दारावर स्टुलावर बसावं लागणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

शनिवारी अर्धा दिवस. त्या दिवशी आम्ही तिघं गावात एक अक्षर बघायला जायचो. एकच. आज ठ, तर दिवसभर ठ. नियम काकांचा: "सुमनबाई, शब्द वाचायचा नाही. शब्द वाचला की अक्षर दिसेनासं होतं."

*

पहिलं भांडण ल वरून झालं. आपला ल म्हणजे मधल्या देठाला दोन्हीकडे गोलाई. तिकडचा ल म्हणजे उजवीकडे सरळसोट काना. ललितपूरचा बोर्ड रंगवायला आला, त्यात दोन ल. काका म्हणाले, गोल काढ. हरप्रसाद म्हणाला, "बड़े बाबू, जौ तुमाए घर को ल आय, रेलवई को नईं."

दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर हरप्रसादने पहिला ल काकांचा काढला होता आणि दुसरा स्वतःचा.

तेवढ्यात साहेब पेंट शॉपमध्ये आले. बोर्डासमोर उभे राहिले, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. शेवटी म्हणाले, "टाँगते समय ज़रा सीधा टाँगना." साहेब गेल्यावर दोघं पोट धरून हसले आणि हरप्रसादने निमूट दोन्ही ल एकसारखे करून टाकले. कोणासारखे, ते सांगायला नको. ब्रश त्याच्या हातात होता.

*

एकदा ध चा शनिवार होता. काका आम्हाला छावणीत घेऊन गेले, कारण तिथल्या एका फाटकावरचा ध म्हणे झाशीत सर्वांत डौलदार. खरंच होता. हरप्रसादच्या बुंदेलीत 'नोनो', म्हणजे देखणा. वरची गाठ अशी सुटी, मोकळी, जणू आत्ताच कोणी वेणी सोडली असावी. आम्ही जवळ गेलो. आणखी जवळ गेलो. काका तर फाटकाच्या आतून कसा दिसतो ते बघायला आत शिरले.

पहारेकरी धावत आला. "पढ़ना नहीं आता? क्या लिखा है?"

काकांनी वर पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "भैया, अभी तो सिर्फ़ ध देखा है."

बोर्डावर 'प्रवेश निषेध' लिहिलं होतं. आम्हाला तासभर बसवून ठेवलं. तेवढ्या वेळात हरप्रसादने पहारेकऱ्याला ध समजावून सांगितला, आणि सोडताना पहारेकरीच विचारत होता, "और ये ष कैसा है, उस्ताद?"

*

काकांच्या घराच्या पाटीचा किस्सा त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगायच्या, तेव्हा काका उठून बाहेर जायचे. पाटी हरप्रसाद रंगवणार होता. त्याने पहिलं 'का' काढलं आणि ते इतकं साधलं की पुढचं अक्षर त्याच्या तोडीचं होईना. काढायचा, पुसायचा. सगळा पावसाळा दारावर नुसतं 'का' होतं. नवा दूधवाला आळीत विचारत फिरला, एका अक्षराचे लोक कुठे राहतात?

वहिनी काकांना म्हणाल्या, "लग्न झालं तेव्हा माझं तोंडसुद्धा तुम्ही इतकं निरखलं नव्हतं." काका म्हणाले, "तेव्हा सवय नव्हती."

*

बड्या बाजारात एका मिठाईवाल्याच्या पाटीवरच्या 'मिठाई'तला ठ बघायला आम्ही इतक्या वेळा गेलो की त्याला आम्ही तपासणीवाले वाटलो. न मागता पेढे आले. काकांनी पेढा खाल्ला आणि नियमाप्रमाणे पुन्हा वर बघायला लागले. हलवाई आणखी घाबरला.

त्या दिवशी हरप्रसाद म्हणाला, "का गोलाई है, बिन्नू!" मला तो बिन्नूच म्हणायचा, धाकटी बहीण म्हणून. मी वर पाहिलं. ठ चा खालचा अर्धा रंग पोपडे धरून गळून गेला होता. गोल उरलाच नव्हता. काकांनी माझ्याकडे पाहिलं, ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने हलवायाचं स्टूल मागून घेतलं, वर चढला, ठ वरून बोट फिरवलं आणि खाली उतरून पेढा न खाताच चालू लागला. मला फार वाईट वाटलं.

*

मग तपासणीचा दिवस आला. काका अजिबात काळजीत नव्हते. "अहो सुमनबाई, दवाखान्यातला तो अक्षरांचा तक्ता रंगवला कोणी? ह्यानेच! डोळे मिटून म्हणेल." ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. आम्ही दोघं रजा टाकून त्याच्याबरोबर गेलो.

डॉक्टर नवे होते, तरुण, मृदू बोलणारे. हरप्रसादला त्यांनी खुणेच्या रेघेवर उभं केलं. तो नवा शर्ट घालून आला होता. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे छापील, चकचकीत, नवाच तक्ता लावलेला होता. त्यातलं एकही अक्षर त्याच्या हातचं नव्हतं. मी काकांकडे पाहिलं. ते खाकरले.

हरप्रसादने हात वर करून त्यांना थांबवलं आणि सुरुवात केली. वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, एकदाही न अडखळता, छाती काढून, एका दमात सगळा तक्ता म्हणून टाकला. त्याचा जुना तक्ता.

डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते उठून त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. "हरप्रसादजी, वो चार्ट हमने बदल दिया है. अब ब्रश छोड़ना पड़ेगा."

"बदल दओ?" हरप्रसाद म्हणाला. तो रेघ सोडून पुढे निघाला. भिंतीशी गेला, वाकला, नाक कागदाला टेकेल इतका जवळ. काका त्याला धरायला पुढे झाले तर त्याने हात झटकला. एकाच अक्षरासमोर तो थांबला होता. बाहेर पुढचा माणूस दार वाजवत होता. डॉक्टरांनी त्याला थांबायला सांगितलं.

बऱ्याच वेळाने हरप्रसादने मान वळवली.

"बिन्नू, इतै आओ. जौ ग देखो. बड़ो नोनो है. कौन ने बनाओ?"