गवती चहाचं तेल

गवती चहाचं तेल साबणाच्या पाण्यात न कालवता मी पंपात ओतलं. ते वर तरंगलं, शेवटी निव्वळ तेलच फवारलं गेलं आणि कडावच्या आमच्या शेजारच्या काकांचं वासाचं भात भाजलं.

जिवाणूंच्या करपा रोगापासून पीक वाचवायला त्यांनीच पंप माझ्या हाती दिला होता. ते जुनं बियाणं आता फक्त त्यांच्याकडे उरलंय. “आय शिजवायची तवा रस्त्यावरची मानसं थांबायची रं,” असं ते रोज सांगतात, डोळे मिटून, नाक वर करून.

त्या संध्याकाळी ते पानामागून पान चुरगाळून हुंगत गेले. सगळीकडे गवती चहाचाच वास. सुरुवातीला नुसतं पाणीच पडलेल्या बांधालगतच्या कोपऱ्यात मात्र डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

“बियापुरतं हाय.”

“पुढच्या वेळी साबण घालतो, काका.”

“पुढच्या टायमाला तू सासरवाडीला जा.”