एक्स-रेचा चष्मा

माझ्या बायकोला माझी सगळी दुखणी ठाऊक आहेत. हे एक सोडून. सहा-सात वर्षं मी हे कुणाजवळच बोललो नव्हतो. वहीत लिहायला घेतलं होतं दोनदा, आणि दोन्ही वेळा पान फाडलं. तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नसाल तर बरंच. ओळखत असाल तर... असू दे.

मी शाळामास्तर. बारामतीहून इंदापूरकडे जाताना उसाच्या पट्ट्यात आमची एक लहानशी शाळा आहे. तिथं मला लोक ‘कचरावाले सर’ म्हणायचे. प्रेमानंच. करवंटीचं कासव, जुन्या लग्नपत्रिकांचा मोर, पाण्याच्या बाटलीचं कारंजं. असलं काहीबाही मी पोरांकडून करून घ्यायचो. बायका दारातून हाक मारून विचारायच्या, “सर, ही बरणी टाकू का ठिवू?” मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, हे आधीच सांगायला हवं. पुढचं सगळं त्या आवडण्यातूनच झालं.

त्या डिसेंबरात सूर्यग्रहण होतं. मी वर्गात सांगितलं, ग्रहणाचे चष्मे आपणच बनवायचे. जुने एक्स-रे आणा. आमच्याकडं घरोघरी दारामागच्या खिळ्याला एक्स-रेचं एखादं पाकीट लटकलेलं असतंच. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग. एकजण म्हणाला, “सर, ह्यात आमच्या आबाचा खुबा हाय.” दुसरा लगेच, “माज्यात तात्याची छाती हाय, पर बिड्यांनी समदी काळी झालीया, सूर्य दिसायचाच न्हाय!” वर्ग हसून लोळला. मीही हसलो. फिल्म कापली, पत्रिकेच्या पुठ्ठ्यात बसवली, जुन्या परकराचं इलॅस्टिक लावलं. तीन दिवस खपून चाळीस चष्मे झाले.

आणि मग ते पत्रक आलं.

शिक्षण खात्याचं, एका पानाचं होतं. सूर्य कशातून पाहावा आणि कशातून पाहू नये. ‘नये’च्या यादीत तिसरी ओळ: एक्स-रेची फिल्म. अंधूक दिसतं म्हणून डोळा निर्धास्त राहतो, पण घातक किरण आत जातातच. दुखतसुद्धा नाही. मी ते दोनदा वाचलं. घडी घातली. ड्रॉवरमध्ये ठेवलं.

का? चष्मे तयार होते म्हणून? फोटो काढायला पेपरवाला येणार होता म्हणून? पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर सूर्याची प्रतिमा पाडता आली असती. तोही टाकाऊच पुठ्ठा होता. एक वाक्य बोलायचं होतं: पोरांनो, माझं चुकलं. तेवढं जिभेवर आलं नाही.

अश्विनी चौथीत होती. चित्रं सुरेख काढायची. ग्रहणाच्या सकाळी मी तिला मुद्दाम काम दिलं. दर पाच मिनिटांनी बघायचं आणि सूर्य केवढा उरलाय ते कागदावर काढायचं. बाकीची पोरं एकदोनदा बघून घसरगुंडीकडं पळाली. ही मात्र उभीच. डावा डोळा मिटून, उजव्यानं, मोठ्या चित्रकाराच्या ऐटीत. सगळ्यांत जास्त वेळ तिनंच बघितलं. कारण मी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, फळ्यावर काळा ठिपका हाय. मी जितं बगती तितंच येतोय.”

आठवडाभर मी फळ्यावर बारीक अक्षरं लिहून एकेका पोराला वाचायला लावत होतो. शुद्धलेखनाच्या नावाखाली. एकोणचाळीस पोरांनी वाचलं.

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, पोरीनं सूर्य कशातून बघितला? ते विचारायला तिची आई, सुनीताताई, तिला घेऊन शाळेत आल्या. ऑफिसात मुख्याध्यापक बाई होत्या. अश्विनी म्हणाली, “चष्म्यातनंच बगितला. सरांनी सांगितलं तसाच.”

आणि मी... मी म्हणालो, “नाही अश्विनी. तू चष्म्याच्या बाजूनं बघितलंस. मी पाहिलं होतं.”

मी पाहिलं नव्हतं. तसं घडलंच नव्हतं.

“न्हाय सर, मी—” ती बोलायला लागली, तर आईनं तिचा दंड धरून हिसडा दिला. “सर खोटं बोलत्यात व्हय गं?” पोरगी माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आसंल, सर.”

त्या दुपारी मी चाळीसही चष्मे शाळेमागं जाळले. पत्रक मात्र जाळवलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही.

उजव्या डोळ्याच्या मधोमधचा ठिपका गेला नाही. ती मान तिरकी करून वाचते. रस्त्यात ती तशी मान करून येताना दिसली की मी गाडी दुसऱ्या गल्लीत घालायचो. हिला कधीतरी सगळं नीट आठवेल, ही भीती. आणि आठवणारच नाही, माझंच खरं धरून ती म्हातारी होईल, ही त्याहून मोठी.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आता अकरावीत आहे. “सर, येत्या ग्रहणाला वस्तीवरच्या पोरांचे चष्मे मी करून घेणार हाय. पिशवीभर एक्स-रे जमवलेत. आन् पयलंच सांगणार, नीट लावायचा, बाजूनं बगायचं न्हाय. माज्यासारकं करू नका म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेलो. अंगणात बाजेवर एक्स-रे पसरलेले. सुनीताताई चहा घेऊन आल्या. मी खिशातून ते पत्रक काढलं, तिसरी ओळ वाचून दाखवली. कधी आलं होतं ते सांगितलं. ऑफिसात मी काय बोललो होतो, तेही सांगितलं. सुनीताताईंनी हातातली कपबशी खाली ठेवली, माझ्यापासून लांब.

अश्विनीनं सवयीनं मान तिरकी करून माझ्याकडं पाहिलं.

“म्हंजी मी बाजूनं बगितलं न्हवतं,” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो. “तू नीटच बघितलं होतंस.”