दोन काटे, एक प्रिंटर

औरादच्या ज्या अडतीवर मी पोती उचलली, तिथल्याच दोन वजनकाट्यांचा प्रोग्रॅम पुढे मी लिहिला. सी भाषा जुन्या पुस्तकावरून शिकलो, कुणाकडे गेलो नाही. प्रत्येक काट्याला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी वाट; प्रिंटर मात्र एकच. तुरीच्या हंगामात पावत्या बिघडू लागल्या: नाव एकाचं, खाली वजन दुसऱ्याचं. मी प्रिंटरवाल्याशी भांडून नवा प्रिंटर उकळला. पावत्या तशाच.

तेवढ्यात चुलतभाऊ सुट्टीला आला. कडगंचीच्या विद्यापीठात शिकतो. माझा कोड बघून म्हणाला, "अण्णा, प्रिंटरला कामून शिव्या द्यायलास? एका पावतीला तीनदा fprintf केलास, तीनदा छापायचा हुकूम. प्रत्येक fprintf आपल्यापुरतं कुलूप लावतंय. ते उघडलं की दुसरा काटा मधी घुसतोय."

"काट्याला पाय फुटले म्हण की."

तो हसला. पावतीच्या सुरुवातीला त्यानं कुलूप लावणारं flockfile घातलं, शेवटी ते उघडणारं funlockfile. दोनच ओळी, आणि पावत्या सरळ निघाल्या. अडतवाल्या अप्पांनी त्याच्यासाठी खास चहा मागवला. "बसवकल्याणच्या दुकानाचं काम यालाच द्यावं म्हणतो," असं माझ्यादेखत बोलले. तेच काम मी त्यांच्याकडे कधीपासून मागत होतो. मला चहा विचारलासुद्धा नाही.

तेव्हाच मला एक गोष्ट दिसली. नाव छापल्यावर वजन स्थिर झालं नाही, तर माझा कोड पावती अर्धी सोडून बाहेर पडत असे. त्या वाटेवर यानं कुलूप उघडलंच नव्हतं. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. अडकू दे, म्हटलं.

बाजाराच्या दिवशी पहिल्या काट्यावर पोतं डुगडुगलं, पावती अर्धी सुटली आणि कुलूप लागलेलंच राहिलं. त्याच्या पावत्या पुढेही निघत राहिल्या, कारण कुलूप त्याच्याच थ्रेडनं लावलेलं, आणि लावणाऱ्याला ते अडवत नाही. दुसरा काटा मुका. तिथं एक म्हातारी अक्का आपल्या पोत्यावर बसून राहिली. "कागूद दिल्याबिगर उठत न्हाई. माझी बस जायलीय तर जाऊ दे."

बस गेली. अप्पा चुलतभावावर ओरडत होते. ते पुरेसं ओरडेपर्यंत मी थांबलो, मग कोड अर्धी पावती सोडून बाहेर पडतो त्या वाटेवर funlockfile ची एक ओळ घातली.

चुलतभावानं ती ओळ वाचली. "व्हय, माझीच चूक," तो सगळ्यांसमोर म्हणाला. मग हळूच, "अण्णा, तुला आधीच दिसलं होतं न्हाई का?"

मी अक्काची पावती फाडून तिच्या हातात दिली आणि पुढच्याला हाक मारली. बसवकल्याणचं काम मला मिळालं. पण "माझीच चूक" तो ज्या सहजपणे बोलून गेला, त्याचा मला आजही हेवा वाटतो.