हंगाम: गुरुवार

"पाणी बदला. सगळं."

मॅनेजर एवढंच म्हणाला. ओरडला नाही. हॉटेलात टेबल पुसायला सांगतात तसं सांगितलं.

माझ्या सहलीतल्या पन्नास बायका तेव्हा रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाशी होत्या. निम्म्या कमरेएवढ्या पाण्यात, निम्म्या काठावर पाय सोडून. कुणी साडी खोचलेली, कुणी लेकीची लेगिंग चढवलेली. शिट्टी वाजली तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी खेळ आहे. दोघी-तिघी तर टाळ्या वाजवायला लागल्या.

"बाहेर या. चला, चला. तलाव गेस्ट लोकांसाठी आहे."

शबाना सगळ्यात पुढे होती. चिखलीत तिच्या नवऱ्याचं गॅरेज आहे, ती चाकणला कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर. या दिवसासाठी तिने स्वतः कपडा शिवला होता. निळा, मनगटापर्यंत बाह्या, खाली पॅन्ट, डोक्याला घट्ट बसणारी टोपी. दोन आठवडे शिफ्टवरून येऊन शिवत होती. ती बाहेर आली, फरशीवर उभी राहिली. अंगावरून पाणी निथळत होतं. मॅनेजरने माळ्याला हाक मारली आणि तिच्या पायाकडे बोट केलं.

"तिथलंही पुसून घे."

मी चार पावलांवर होते. हातात बायकांची यादी होती.

मी काही बोलले नाही.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी पुष्कळ बोलले आहे, आणि ते ऐकून लोक मला धीट म्हणतात. त्यांनी हे आधी ऐकावं.

मी भांडकुदळ बाई आहे. परभणीकडून लग्न होऊन चाकणला आले. नवरा दारूत गेला. सात वर्षं त्याच लाइनवर उभी राहून काम केलं. तिथे माझ्या लक्षात आलं की माझ्या डाव्या हाताला उभी असलेली बाई बारा वर्षं चाकणला राहते आणि तिने चाकणचा किल्लासुद्धा पाहिलेला नाही. खोली, बस, कंपनी. कंपनी, बस, खोली. मी म्हटलं, चला. पहिली सहल समुद्राला नेली. समुद्र बघून ती बाई चप्पल हातात घेऊन नुसती उभी राहिली. पाण्यात जायला घाबरत होती. मी ढकललं तिला.

मग नोकरी सोडली आणि हेच धरलं. भाड्याची बस, पन्नास बायका, एक दिवस. बसमालकाशी भांडते, ढाबेवाल्याशी भांडते, पार्किंगवाल्याशी भांडते. पन्नास चहा सांगितले तर बावन्न घेते. ड्रायव्हर म्हणतो, "ताई, तुम्ही देवळातसुद्धा भाव करताल." करते. त्याशिवाय या बायका घराबाहेर पडल्या नसत्या.

आणि सगळं गुरुवारी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी जग हिंडतं तेव्हा आम्ही शिफ्टला. आमच्याकडे लग्नाची बोलणी गुरुवारी, डॉक्टर गुरुवारी, माहेर गुरुवारी. गुरुवार म्हटलं की माझ्या बायकांचा चेहरा बदलतो.

तर सरकारची योजना आली. पर्यटन हा उद्योग आहे, त्यातल्या लहान माणसाला सरकारने हात द्यायचा, बस घ्यायला, खोल्या बांधायला अर्थसाहाय्य द्यायचं. पेपरात वाचलं. मी म्हटलं, हा उद्योग असेल तर मी उद्योजक. स्वतःची बस हवी होती मला. भाड्याच्या बसवाल्याने ऐन वेळी नाही म्हटलं की पन्नास बायका फाट्यावर डबे घेऊन उभ्या राहतात, आणि त्यांची पुढची सुट्टी आठ दिवसांनी येते. ते मला संपवायचं होतं.

एकोणीस पानांचा अर्ज. मराठीत होता, पण कळायला दोनदा वाचावा लागत होता. एका चौकटीत विचारलं होतं: पर्यटन हंगाम. म्हणजे लोक कधी येतात. मी लिहिलं: गुरुवार.

अर्जांची शिफारस करणाऱ्या समितीवर एक रिसॉर्टवाला होता. मावळात त्याची मोठी जागा, सगळे त्याला शेठ म्हणत. त्याचाही स्वतःचा अर्ज होता, चाळीस कॉटेज वाढवायचा. त्याने मला फोन केला.

"बाई, तुझ्या बायका एका गुरुवारी माझ्याकडे आण. पर्यटन खात्याचे साहेबलोक पाहणीला येणारेत. स्थानिक महिला पर्यटक दिसल्या की त्यांना बरं वाटतं. प्रवेश फुकट."

"जेवण?"

"जेवण माझं."

"नाश्ता? दोन वेळचा चहा?"

"घे."

"आणि पोहायचा तलाव?"

तो हसला. "तलाव पण घे गं बाई. तुझ्या अर्जाचं मी बघतो."

फोन ठेवला तेव्हा मी स्वतःवर खूश होते. तलाव मी मागून घेतला होता. बायकांना सांगताना मी तोच सगळ्यात शेवटी सांगितला. त्यावर जो गलका झाला तो अजून कानात आहे. आणि दुसऱ्या दिवशी शबाना कापड आणायला गेली.

त्या गुरुवारी आम्ही पोचलो तर दारातच रजिस्टर. प्रत्येकीचं नाव, गाव, सही. व्यवसायाच्या रकान्यात पहिलीने ‘कामगार’ लिहिलं. मॅनेजरने ते खोडलं. "गृहिणी लिहा सगळ्यांनी." सगळ्यांनी लिहिलं. मीच सांगितलं, लिहा. साहेबलोक आले. बायकांना तलावाच्या काठावर उभं करून फोटो काढले. "हसा की ताई, फिरायला आलात ना!" बायका हसल्या. साहेबलोक शेठबरोबर एसी हॉलमध्ये जेवायला गेले. मग बायका पाण्यात उतरल्या.

मग शिट्टी.

मी का गप्प बसले? हॉलच्या काचेतून शेठ दिसत होता, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या साहेबांच्या हातात माझ्या अर्जाचं भवितव्य होतं. मी मनात बस पाहिली. पांढरी, नवी, माझी. आणि बायकांना म्हणाले, "चला गं, जेवायला उशीर होतोय." जेवण मागच्या शेडमध्ये होतं, जनरेटरच्या शेजारी. ओल्या कपड्यांनी जेवल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पाण्याचा पंप सुरू झालेला ऐकू येत होता. तलाव उपसत होते.

परतताना बसमध्ये गाणी नाहीत. एरवी ड्रायव्हर वैतागतो इतका दंगा असतो. शबाना माझ्या मागच्या सीटवर होती. देहूरोड यायच्या आधी ती हळू म्हणाली, "ताई, मी सकाळी आंघोळ करून आले होते गं."

मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी चिंचवडला एका हॉटेलात बैठक बोलावली. योजनेतल्या अर्जदारांसाठी. गार हॉल, पांढऱ्या कापडाच्या खुर्च्या. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. दारावरच्या मुलीने विचारलं, "केटरिंग का? मागच्या बाजूने." मी म्हटलं, "अर्जदार." तिने यादीत दोनदा बघितलं.

शेठने पडद्यावर आपला प्रकल्प दाखवला. आणि पडद्यावर माझ्या बायका आल्या. भिंतीएवढ्या. तलावाच्या काठावर, हसत. मधोमध शबाना, निळ्या कपड्यात. खाली लिहिलेलं: स्थानिक महिला पर्यटकांची पसंती. टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या.

मग लहान अर्ज घेतले. शेठ समितीचा म्हणून तोच वाचत होता. माझा अर्ज उचलला, चष्मा पुढे ओढला.

"आता हे ऐका. पर्यटन हंगाम..." थांबला. सगळ्यांकडे बघितलं. "गुरुवार."

हॉल हसला. एकाने मागून आवाज टाकला, "उपवासाचं पर्यटन आहे वाटतं!" अजून हसले. साहेबांनी तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

"अहो बाई," शेठ म्हणाला, "हंगाम म्हणजे पावसाळा, हिवाळा, नाताळ. गुरुवार हा हंगाम असतो का?"

"आमचा असतो."

"आमचा म्हणजे कुणाचा? तुमचे पर्यटक कोण?"

"चाकणच्या कंपन्यांतल्या बायका."

"तेच म्हणतोय. ते पर्यटक नव्हेत. ती लेबरची सहल. पर्यटक म्हणजे जो मुक्काम करतो, खर्च करतो, ज्याला काही टेस्ट असते. सरकारने गर्दीला अनुदान द्यायचं का?"

पडदा अजून लागलेलाच होता. कुणी बंद करायचं विसरलं होतं. मी उभी राहिले.

"शेठ, मग भिंतीवर कोण आहे?"

त्याला कळलं नाही. त्याने मागे वळून बघितलं.

"त्या मधल्या निळ्या कपड्यातल्या बाईचं नाव शबाना. वायरिंग लाइनला आहे. तिच्या शेजारची पॅकिंगला. तिच्या शेजारची कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. तुमच्या फायलीत त्या पर्यटक. माझ्या फायलीत लेबर. बायका त्याच. वारही गुरुवारच होता. फोटो काढून झाल्यावर तुमच्या माणसांनी त्यांना पाण्यातून बाहेर काढलं आणि तलाव उपसला. साहेब, तुम्ही तेव्हा आत जेवत होता."

साहेब कागद चाळायला लागले. शेठने पडदा बंद करायला सांगितलं. मग साहेब म्हणाले, चहा घेऊ.

व्हरांड्यात शेठ माझ्यामागे आला. आवाज मऊ.

"एवढं चिडायचं नसतं गं. मॅनेजर नवा आहे, त्याला काय कळतं? तू एक पत्र दे. बायका पाहुण्या म्हणून आल्या, सोय उत्तम होती, तक्रार नाही. तुझी फाइल याच महिन्यात पुढे सरकेल. बस तुझ्या दारात. बोल, अजून काय पाहिजे? तू तर भाव करणारी बाई आहेस."

हे मात्र खरं होतं. म्हणून मी भाव सांगितला.

"एक गुरुवार. माझ्या पन्नास बायका तुमच्या तलावात उतरणार. अर्ध्या तासाने तुम्ही उतरायचं. तुमची बायको, मुलगी, सून. त्याच पाण्यात. पाणी बदलायचं नाही. त्याच संध्याकाळी मी पत्र देते."

त्याचा चेहरा आधी हसायला लागला आणि मध्येच थांबला. मी थट्टा करत नाही हे त्याला दिसलं.

"माझ्या घरच्या बायका काढतेस? लायकी बघ आपली!"

"भाव जमत नसेल तर सांगा. घरचं काय त्यात? पाणीच आहे."

त्याने हातातला कप कुंडीत टाकला आणि आत गेला. चार जणांनी तो भाव ऐकला होता.

माझा अर्ज फेटाळला. कारण लिहून आलं: हंगाम निश्चित नाही. शेठची कॉटेज उभी राहतायत. रस्त्यावरून पाया खणलेला दिसतो.

मी हरकत लिहिली. त्यात बायकांच्या सह्या हव्या होत्या. एकेकीच्या दारी गेले. छत्तीस जणींनी केल्या. सहीपुढे व्यवसाय लिहिला: कामगार. बाकीच्या सुपरवायझरला घाबरल्या, घरच्यांना घाबरल्या, त्यांना मी जोर केला नाही.

शबानाकडे शेवटी गेले. तिने पाणी दिलं, बसायला दिलं. मशीनवर तोच निळा कपडा होता. कापलेला. गॅरेजात हात पुसायला चौकोनी तुकडे करत होती.

"सही नाही करणार मी," ती म्हणाली.

"घरून नको म्हणतात का?"

"त्यांचं काही नाही. तू तिथे उभी होतीस ना, ताई? यादी घेऊन? तेव्हा बोलली असतीस तर मी हा कपडा ठेवला असता."

तिने दुसरा तुकडा कापला. मी उठले. तिने अडवलं नाही. तेव्हापासून ती सहलीला येत नाही. मी बोलावत नाही. माफी मागितली तर ती देईल, म्हणून मागत नाही. इतकं स्वस्त ते मला नको.

हरकतीवर सुनावणी लावली आहे. सोमवारी, सकाळी अकराला, सह्या करणाऱ्यांनी जातीने हजर राहावं. सोमवारी छत्तीस बायकांचा खाडा पडणार, निम्म्यांची नोकरी जाणार, हे लावणाऱ्याला माहीत असावं असं मला वाटतं. मी काल जाऊन कागद देऊन आले. खिडकीतल्या बाबूने वाचला.

"बाई, सुनावणीचा वार तुम्ही ठरवणार?"

"हो. आम्ही गुरुवारी मोकळ्या असतो."

"आणि नाही दिला तर?"

"तर दर गुरुवारी बस इथे येईल. तुमच्या दारात. पन्नास बायका, डबे घेऊन. सहलच आहे आमची."

त्याने शिक्का मारला. पोच घेतली मी, पिशवीत ठेवली.

काल रात्री शेठच्या माणसाचा फोन आला होता. शेठ विचारतायत, काही कमी-जास्त होईल का. मी आयुष्यभर कमी-जास्त करत आले. दोन कप चहासाठी भांडले, पार्किंगच्या पावतीसाठी भांडले, आणि जिथे तोंड उघडायचं होतं तिथे यादी धरून उभी राहिले.

त्याला म्हटलं, शेठला सांग. भाव तोच आहे. पाणी बदलायचं नाही.