पांजणी बोळातली रुक्मिणीकाकू

रुक्मिणीकाकूच्या सासऱ्यांच्या काळात तो बोळ देवळाच्या पुजाऱ्यांचा होता. एकेक घर नव्या पेठेकडे गेलं आणि रिकाम्या घरांत तेलुगू विणकर आले. खड्ड्यातल्या मागांची धडधड उजाडायच्या आत सुरू होई. सकाळी बोळभर सुताचा ताणा बांधून त्याला खळ लावायची, हीच पांजणी. सोलापुरात सगळे त्याला पांजणी बोळ म्हणू लागले. विधवा रुक्मिणीकाकू तेवढी पत्ता सांगताना 'पुजारी बोळ'च म्हणे, आणि रोज सडा टाकताना मुद्दाम हात लांब फेकी. शिंतोडे सुतावर उडत. विणकरणी तेलुगूत शिव्या देत. काकूला त्या कळत नसत, पण उत्तर ती मराठीत चोख देई.

त्या सकाळी काकूच्या मुलीला, शकुंतलेला, पाहायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं हुंड्यावरून मोडली होती. काकूने शेजारी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या दारी पाहुणे यायचे, त्याची वर्दी विणकरांना कशाला?

टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला. पुढे भिंतीपासून हातभर जागा सोडून ओला ताणा पसरलेला.

"उचल हे!" काकू दारातून ओरडली.

ताण्यावर कुंचा फिरवणाऱ्या नरसम्माने मान वर केली नाही. "आता कसं उचलू? दोऱ्याला दोरा चिकटंल की. काल बोलला असता तर एक दिस थांबलो असतो."

"माझ्या दारात माणसं यायला तुझी परवानगी घेऊ? रस्ता तुझ्या बापाचा आहे?"

"न्हाय. तुमच्याबी बापाचा न्हाय. हातभर वाट हाय कडेला, या म्हणावं."

मुलाचे वडील नारायणराव धोतर सावरत भिंतीकडेने निघालेही होते. पण होऊ घातलेला व्याही भिंतीला अंग घासत येतोय आणि नरसम्मा बघतेय, हे काकूला सोसेना. ती आत गेली, नारळाचा कोयता घेऊन आली आणि सपकन ताण्यावर घाव घातला. ताणलेलं सूत सटकन दोन्हीकडे गेलं आणि ओलं मातीत लोळलं.

नरसम्मा छाती बडवून किंचाळली. घराघरातून माणसं बाहेर आली.

नारायणराव जागीच थांबले. "आम्ही येतच होतो की हो," ते म्हणाले आणि मागे वळले. टांगेवाल्या राजेसाबने काही न विचारता घोडा फिरवला.

"दृष्ट लावलीत मेल्यांनो!" काकू ओरडत राहिली. कुणी तिच्या अंगावर आलं नाही. सगळे मातीत बसून तुटलेली टोकं शोधू लागले.

शकुंतला नेसत्या चांगल्या लुगड्यानिशी बाहेर आली आणि नरसम्माशेजारी बसली.

"कसं जोडायचं? दाखवा."

"ऊठ. तुझ्या आईकडं जा."

"शकू, आत ये!" दारातून हाक आली.

शकुंतला उठली नाही. तिने मातीतलं एक टोक उचललं. नरसम्माने ते तिच्या हातातून ओढून घेतलं.