घरी सांगून आला का बे

आमच्या लॉजची सभा महिन्यातल्या एका रविवारी दुपारी खामगावला भरते. हे वाक्य अमडापुरात मोठ्याने बोलायची सोय नाही. "डॉक्टरसाहेब लॉजवर गेले," असं माझ्या हाताखालच्या माणसाने एकदा एका शेतकऱ्याला सांगितलं, तर तो आजारी म्हैस विसरून हसत बसला. मी गुरांचा डॉक्टर, माझी अब्रू ती काय, पण बायकोने त्या दिवसापासून घरात 'मंडळ' हाच शब्द चालू केला. फ्रीमेसन मंडळी म्हणजे लोकांना वाटतं तसं भुताखेताचं काही नाही. जुन्या काळच्या पाथरवटांची हत्यारं घ्यायची आणि त्यांच्यावरून नीट वागायला शिकायचं, एवढाच मुख्य उद्योग. बाकी थोडा डामडौल आहे, तो मला मनापासून आवडतो.

शिकायचं मात्र तोंडपाठ. नव्या माणसाला पहिल्या पायरीवरून दुसरीवर जायचं असेल तर भरल्या सभेत उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, तीही इंग्रजीत, कानामात्रा न चुकवता. ती शिकवायचं काम आमच्याकडे काकाजींचं. काकाजी दुसरबीडचे, पंचाहत्तरी ओलांडलेले, जमीनजुमला भरपूर आणि जीप त्यांच्याइतकीच जुनी. दुसरबीडहून निघून ते मला अमडापूरला उचलायचे आणि पुढे खामगावपर्यंत शिकवणी. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत, म्हणून परतताना जेवण आमच्याकडे ठरलेलं.

सभेत सगळे एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात. जीपमध्ये मी 'बे' होतो.

काकाजींची पद्धत साधी होती. एक वाक्य इंग्रजीत म्हणायचं, ते माझ्याकडून घोटून घ्यायचं आणि मग वऱ्हाडीत त्याची सालं काढायची. पहिल्या पायरीवरच्या हत्यारांत चोवीस इंचांची एक मोजपट्टी असते. तिचा अर्थ कुठल्याही पुस्तकात सापडेल, त्यामुळे सांगायला हरकत नाही. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. त्यातले काही देवाचे, काही कामाचे, काही विसाव्याचे आणि काही अडल्यानडल्याला मदत करायचे. मात्र ही मदत स्वतःचं घर उघडं टाकून करायची नाही. या शेवटच्या अटीवर आलो की काकाजी स्टिअरिंगवर थाप मारायचे आणि विचारायचे, "घरी सांगून आला का बे?"

"हाव, सांगून आलो," असं मी म्हटल्याशिवाय पुढचं वाक्य मिळायचं नाही.

पहिल्यांदा मी चिडलोच होतो. "काकाजी, दर खेपेला काऊन इचारता? मी काय लहान पोरगा आहे?"

"त्या पट्टीतलं तेवढंच कठीण आहे, लेका. देवाले येळ देनं सोपं, लोकायले देनं त्याहून सोपं. लोकं हार घालते. घरचे हार घालत नाहीत, म्हून मानूस तिथंच इसरते." मग खड्डा यायचा, आम्ही दोघं उडायचो आणि मी सार्वजनिक बांधकाम खात्याचा उद्धार करायचो. असा आमचा अभ्यास चालला होता.

माझी परीक्षा दोन सभांवर आली तेव्हा वरच्या कार्यालयाकडून निरोप आला. सदस्यांचं शिक्षण आता सगळीकडे एकसारखं व्हावं म्हणून व्हिडिओचे पाठ तयार झाले होते. मोबाइलवर पाहायचे, खाली प्रश्न, बरोबर उत्तराला हिरवी खूण. तोंडी शिकवणी बंद करायची की नाही हे ठरवायला एक पाहुणे येणार होते आणि ते माझ्याच परीक्षेच्या वेळी हजर राहणार होते. म्हणजे मी नीट बोललो तर काकाजींची शिकवणी राहणार आणि घसरलो तर जाणार. शेतीचं काम पोरांनी कधीच हाती घेतलं होतं, दोघंही संभाजीनगरला राहून माणसं लावून करत होते. काकाजींकडे हक्काचं असं हेच काम उरलं होतं. ते तसं म्हणाले नाहीत. जीप पुसून घेऊन आले फक्त, आणि ती जीप मी त्याआधी कधी पुसलेली पाहिली नव्हती.

पाहुणे पुण्याचे, वयाने माझ्याहून लहान, बोलायला फार गोड. मी त्यांचा राग धरायचं ठरवून गेलो होतो, ते काही जमलं नाही. आमचे अध्यक्ष बाहेरच्या जगात वकील. त्यांच्यापुढे साक्षीदार पाणी मागतात. मी हॉलच्या मधोमध उभा राहिलो. समोर उंच खुर्चीवर अध्यक्ष, बाजूला पाहुणे, आणि डावीकडे काकाजी हात मांडीवर ठेवून जमिनीकडे पाहत बसलेले.

पहिली उत्तरं छान गेली. माझी इंग्रजी ऐकून मलाच माझा अभिमान वाटायला लागला. मग मोजपट्टी आली. देव, काम, विसावा, अडल्यानडल्याची मदत, सगळं धडाधड म्हटलं, घराची अट म्हटली, आणि त्याच दमात, त्याच आवाजात, अध्यक्षांच्या डोळ्याला डोळा भिडवून मी विचारलं, "घरी सांगून आला का बे?"

जीपमध्ये ते सगळं एकाच माळेत ओवलेलं होतं. कुठे इंग्रजी संपतं आणि कुठे काकाजी सुरू होतात हे माझ्या जिभेला कोणी सांगितलंच नव्हतं. काकाजींनी डोळे मिटून घेतले. झालं, मी म्हटलं, बुडवलं म्हाताऱ्याला.

आणि वकीलसाहेब त्या उंच खुर्चीवरून एकदम म्हणाले, "हाव, सांगून आलो."

त्यांच्याही तोंडून ते आपोआपच निघालं होतं, कारण पुढच्या क्षणी ते लाजून लाल झाले. तोवर मागच्या बाकावरून दुसरा 'हाव' आला, मग उजवीकडून तिसरा, आणि मग सगळ्या हॉलमधून. कोणी डॉक्टर, कोणी कापसाचा व्यापारी, कोणी निवृत्त मास्तर. सगळे कधी ना कधी त्याच जीपमध्ये बसून खामगावला आलेले होते. मग जो हशा उठला तो आवरायला अध्यक्षांना हातोडी आपटावी लागली.

पाहुणे गोंधळून इकडेतिकडे पाहत होते. वकीलसाहेबांनी त्यांना समजावून सांगितलं, की घराची अट आम्ही सगळे अशीच शिकलो. "ते वाक्य आमच्या व्हिडिओत आहे," पाहुणे म्हणाले, "पण त्यावर मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं." चहाच्या वेळी ते व्हरांड्यात जाऊन बराच वेळ घरी फोनवर बोलत होते. परत आल्यावर त्यांनी निकाल दिला: व्हिडिओ ज्याला हवे त्याने पाहावेत, शिकवणी काकाजींकडेच. मी पास, फक्त पुढच्या वेळी अध्यक्षांना 'बे' म्हणायचं नाही.

परतीच्या वाटेवर मी इतका खुशीत होतो की खड्ड्यांनाही शिव्या दिल्या नाहीत. काकाजी नेहमीसारखे गाडी हाकत होते. त्यांना चिडवावं म्हणून मी हात लांबवून स्टिअरिंगवर थाप मारली आणि म्हटलं, "काकाजी, तुम्ही तं सगळ्यायले इचारता. तुम्ही आले का घरी सांगून?"

त्यांनी गाडी हळू केली. "कोनाले सांगू बे," ते म्हणाले. "कुलूप लावून निंगतो मी."

इतकी वर्षं ते सगळ्यांना विचारत होते आणि त्यांना कोणी एकदाही विचारलं नव्हतं. फार वाईट वाटलं. रात्री ते जेवून गेल्यावर मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आम्ही कायले आहोत?" आणि त्यांना फोन करायला उठली.

पुढच्या सभेच्या रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. बायकोचा फोन वाजला. तिने पिठाच्या हाताने तो स्पीकरवर टाकला. मागून जीपची घरघर ऐकू येत होती.

"बाई," काकाजी म्हणाले, "मी निंगून राह्यलो बरं."

"हाव काकाजी," ती म्हणाली. "सावकाश या."