मंगळवारी ने

सुरतेच्या एका दवाखान्यात मानसोपचाराचे केसपेपर काढणारे धुळ्याचे एक काका होते. मी तेव्हा सोळाची, जगायचंच नाही म्हणणारी. दर मंगळवारी डॉक्टर गोळ्या द्यायचे आणि काका माझं काहीतरी ठेवून घ्यायचे. कधी पेन, कधी छत्री, एकदा तर डब्याचं झाकण. "राहू दे माय, पुढच्या मंगळवारी ने." आई जाम चिडायची, पण झाकणासाठी मला घेऊन हजर व्हायची.

छत्री परत द्यायला त्यांनी एकदा कपाट उघडलं. आत कंगवे, वह्या, कोणाची तरी एकच चप्पल. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. त्यातला एक रुमाल काढून त्यांनी खिडकीच बंद केली. रांग ओरडायला लागली.

"पर्वत पाटिया भागातली पोरगी आज आली नाही," सायकलची किल्ली शोधत काका म्हणाले. "रुमाल देऊन येतो, आणि दुसरं काहीतरी मागून आणतो."